जुन्या करारात ख्रिस्त कुठे दिसतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी शब्बाथशाळेत शिकवते. जुन्या करारातला पाठ आला की मुलं, त्यांचे आईवडील आणि कधीकधी ख्रिस्ती नसलेले शेजारीही तेच ते प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत. माझा ख्रिस्तावर विश्वास आहे आणि इब्री शास्त्रात (ज्यू लोकांचं हे शास्त्र म्हणजेच आपला जुना करार) त्याच्या खुणा पाहायला मला आवडतं. पण ते शास्त्र आधी ज्यांच्या हाती आलं त्यांनी त्यात काय ऐकलं, हे पुसून टाकून माझं वाचन उभं करायला माझं मन घेत नाही. पुढची सगळी उत्तरं याच भूमिकेतून दिली आहेत.

भाकीत, प्रतिरूप आणि रूपक: हे सगळं एकच ना?

नाही, आणि निम्मा गोंधळ इथेच सुरू होतो.

भाकीत म्हणजे पुढे काय होणार ते शब्दांत सांगणं. प्रतिरूपात तसं सांगणं नसतं. एखादा माणूस, प्रसंग किंवा वस्तू आपल्या काळात खरीखुरी असते, तिला तिचा अर्थ असतो, आणि नंतरच्या घटनेकडे पाहताना विश्वासणाऱ्याला त्या दोन्हींची ठेवण एक दिसते. रोमकरांस पत्राच्या ५व्या अध्यायात प्रेषित पौल आदामाला येणाऱ्याचं प्रतिरूप म्हणतो. तिथला मूळ ग्रीक शब्द ‘तुपोस’. शिक्का मारल्यावर उमटतो तो ठसा. पेत्राच्या पहिल्या पत्रात नोहाच्या जलप्रलयाचा बाप्तिस्म्याशी असाच मेळ घातला आहे, आणि इब्री लोकांस पत्रात नियमशास्त्राला पुढच्या गोष्टींची ‘छाया’ म्हटलं आहे.

रूपक आणखी वेगळं. गलतीकरांस पत्रात पौल हागार आणि सारा यांना दोन करार म्हणतो, तेव्हा त्या दोन बायांचं आयुष्य मागे पडतं आणि कल्पना पुढे येते. प्रतिरूपात मूळ प्रसंग उभाच राहावा लागतो. तो पुसला की ठसा कशाचा म्हणायचा?

असं वाचणं ख्रिस्ती लोकांनी सुरू केलं का?

नाही. खुद्द इब्री शास्त्रातच ते आहे. बाबेलातून होणाऱ्या सुटकेबद्दल बोलताना यशयाचा ४३वा अध्याय समुद्रातून काढलेल्या वाटेची आठवण देतो, म्हणजे जुनं निर्गमन, मिसरातून झालेली सुटका, हा नव्या सुटकेचा साचा होतो. मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहांत १९४७ साली पहिल्या गुंडाळ्या सापडल्या. त्यांत हबक्कूक संदेष्ट्यावरचं एक भाष्य आहे. एकेक ओळ द्यायची आणि ‘याचा अर्थ असा’ म्हणून ती आपल्या पंथाच्या काळाला लावायची, अशी त्याची रीत आहे. हबक्कूकाने खास्द्यांबद्दल, म्हणजे बाबेलच्या लोकांबद्दल, लिहिलेलं त्या भाष्यकाराने रोमी सैन्याला लावलं. गणनाच्या २४व्या अध्यायातला ‘याकोबातून निघणारा तारा’ रब्बी (ज्यू धर्मशिक्षक) अकिवांनी बार कोखबाला लावला; त्याने रोमविरुद्ध १३२ ते १३५ या काळात बंड केलं होतं.

येशूचे पहिले शिष्य याच समाजातले, ज्यू होते. आपल्या आयुष्यात घडलेली सर्वांत मोठी गोष्ट समजून घ्यायला त्यांनी हाताशी असलेलं शास्त्र उघडलं, आणि ते त्या काळच्या ज्यू रीतीनेच वाचलं.

यशया ७:१४ मध्ये ‘कुमारी’ आहे की ‘तरुणी’?

सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर.

आधी प्रसंग. इ.स.पू. ७३५ च्या सुमारास यहूदाचा राजा आहाज घाबरलेला आहे. अरामचा रसीन आणि इस्राएलचा पेकह यांनी हातमिळवणी करून यरुशलेमेवर चाल केली आहे. यशया त्याला धीर देतो आणि चिन्ह सांगतो: ही स्त्री गर्भवती होईल, मुलाचं नाव इम्मानुएल ठेवील, आणि त्या मुलाला बरंवाईट कळू लागण्याआधीच या दोन राजांचे देश ओसाड पडतील. हा शेवटचा भाग १६व्या वचनात आहे. नाताळच्या कार्यक्रमात तो सहसा वाचला जात नाही. आहाजाला ते चिन्ह त्याच्या हयातीतच हवं होतं. सातशे वर्षांनंतरचा जन्म त्याच्या वेढ्यात कामाला येणारा नव्हता.

आता शब्द. इब्रीत ‘अल्मा’ आहे, म्हणजे लग्नाच्या वयाची तरुण मुलगी. तिने पुरुष जाणलेला नाही हे ठसवायला ‘बेतुला’ हा शब्द जास्त जवळचा. तरी ‘अल्मा’ म्हणजे कुमारी नव्हे, असंही म्हणता येत नाही. उत्पत्तीच्या २४व्या अध्यायात रिबकेला दोन्ही शब्द वापरले आहेत. ‘अल्मा’ त्या बाबतीत काहीच सांगत नाही, एवढंच. ख्रिस्तपूर्व काळातच ज्यू भाषांतरकारांनी ग्रीकमध्ये इथे ‘पार्थेनोस’ लिहिलं. त्या शब्दाचा कल कुमारीकडे आहे, पण तोही ताठर नाही: याकोबाची मुलगी दीना हिच्यावर अत्याचार झाल्यानंतरही त्याच ग्रीक भाषांतराने तिला ‘पार्थेनोस’ म्हटलं आहे. हे वचन येशूच्या जन्माला लावणाऱ्या मत्तयासमोर हे ग्रीक होतं.

आपला ‘कुमारी’ शब्द या वादात मोठा सोयीचा आहे. लग्नपत्रिकेवर किंवा शाळेच्या दाखल्यावर नावापुढे ‘कु.’ लिहितो तेव्हा आपण फक्त अविवाहित मुलगी एवढंच म्हणत असतो. मराठी वाचकाला त्यामुळे ही फट दिसतच नाही.

वाद मात्र जुना आहे. दुसऱ्या शतकात जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाने त्रुफो या ज्यू गृहस्थाशी झालेला संवाद लिहिला. त्यात त्रुफो हेच सांगतो: शब्द ‘तरुणी’ असा आहे आणि बोलणं आहाजाचा मुलगा हिज्कीया याच्याबद्दल आहे. १९५२ साली अमेरिकेत निघालेल्या सुधारित इंग्रजी भाषांतराने यशयात ‘तरुण स्त्री’ लिहिलं, तेव्हा एका पाळकाने ते पान जाळलं.

माझं मत विचाराल तर येशूचा कुमारीपासून जन्म हा विश्वास मत्तय आणि लूक यांच्या साक्षीवर उभा आहे. तो यशयाच्या एका शब्दावर टांगण्याची गरज नाही. ‘देव आमच्याबरोबर’ हे आहाजाला सांगितलेलं नाव मत्तयाला येशूच्या बाबतीत पूर्णत्वाला गेलेलं दिसलं. हे पाहणं मागे वळून आहे.

मत्तयाने वचनं संदर्भ सोडून वापरली, असा आरोप होतो. तो खरा आहे का?

मत्तयाने येशूला लावलेलं होशेय ११:१ घ्या. ‘मी आपल्या पुत्राला मिसर देशातून बोलावले.’ होशेयामध्ये हा पुत्र म्हणजे इस्राएल आणि बोलणं गेलेल्या काळाचं, निर्गमनाचं. पुढच्याच वचनात हा पुत्र मूर्तींना धूप जाळतो. येशूबद्दलचं भाकीत म्हणून वाचलं तर सगळंच कोसळतं.

पण मत्तयाचे पहिले ऐकणारे होशेय ओळखत होते. पुत्र म्हणजे इस्राएल हे त्यांना ठाऊक होतं, आणि मत्तयाला नेमकं तेच हवं होतं. येशू मिसरातून येतो, पाण्यातून जातो, रानात चाळीस दिवस राहतो, मग डोंगरावर बसून शिकवतो. इस्राएलाची सगळी वाटचाल तो पुन्हा चालतो आहे, असं मत्तय सांगतो. संदर्भ सोडला असता तर हे सांगताच आलं नसतं. आरोप खरा ठरतो तो मत्तयाने तिथे भाकीत पाहिलं असं आपण धरून चाललो तरच.

यशया ५३ मधला दुःख सोसणारा सेवक कोण?

प्रेषितांच्या कृत्यांच्या ८व्या अध्यायात कूशी अधिकारी रथात बसून हाच अध्याय वाचत असतो. तो फिलिप्पाला विचारतो: संदेष्टा हे स्वतःबद्दल बोलतो की दुसऱ्या कोणाबद्दल? तिथून फिलिप्पाने येशूची सुवार्ता सांगितली. कापायला नेलेल्या कोकरासारखा गप्प राहिलेला, आमच्या अपराधांसाठी घायाळ झालेला सेवक. वधस्तंभ पाहिलेल्या माणसाला इथे दुसरं काही दिसणं अवघडच होतं.

ज्यू परंपरेतलं सर्वांत प्रचलित उत्तर वेगळं आहे: सेवक म्हणजे इस्राएल. त्याला पुस्तकातच आधार आहे. ४१:८, ४४:१ आणि ४९:३ मध्ये सेवकाला सरळ इस्राएल म्हटलं आहे. हे उत्तर ख्रिस्ती लोकांना खोडून काढायला मध्ययुगात रचलं, असं काही जण म्हणतात, पण ते बरोबर नाही. तिसऱ्या शतकात ओरिगेनने, म्हणजे एका ख्रिस्ती लेखकानेच, नोंद केली आहे की ज्यू विद्वानांनी त्याला हाच अर्थ सांगितला होता: पांगलेली, मार खाल्लेली सगळी प्रजा एका माणसासारखी बोलली आहे. अकराव्या शतकात फ्रान्समधल्या त्र्वा शहरात राहणाऱ्या राशी यांनी तोच अर्थ मांडला. त्यांच्या हयातीत, १०९६ साली, धर्मयुद्धाला निघालेल्या जमावांनी ऱ्हाइन नदीकाठच्या ज्यू वस्त्या कापून काढल्या होत्या. हे मनात ठेवून तो अध्याय पुन्हा वाचून पाहा.

ज्यू परंपरेतही एकच उत्तर नाही. अरामी भाषेतल्या जुन्या भावानुवादात सेवक हा मसीहाच, म्हणजे ज्याची वाट पाहिली जाते तो तारणारा, आहे, मात्र दुःख त्याच्यावरून काढून इतरांवर टाकलं आहे. तालमूदात, म्हणजे रब्बींच्या चर्चांच्या संग्रहात, एके ठिकाणी याच अध्यायाच्या आधाराने मसीहाला व्याधिग्रस्त म्हटलं आहे. दुसऱ्या बाजूने ४९:५-६ मध्ये सेवकाला इस्राएलाला परत आणायचं काम दिलं आहे, मग तोच इस्राएल कसा, हा ख्रिस्ती वाचकाचा प्रश्नही खोटा नाही. प्रजा आणि माणूस यांच्यामध्ये तो अध्याय मुद्दामच झुलत ठेवला आहे, असं मला वाटतं.

अब्राहामाने इसहाकाला बांधलं, त्यात वधस्तंभ दिसतो का?

दुसऱ्या शतकापासून दिसत आला आहे. एकुलता एक लाडका मुलगा, डोंगर, आणि मुलाच्या खांद्यावर त्याच्याच होमासाठीची लाकडं. ऑगस्टीनने झुडपात शिंगं अडकलेल्या एडक्यात काट्यांचा मुकुट पाहिला.

आता एक गोष्ट सांगते, मला ती पहिल्यांदा वाचली तेव्हा वाचन थांबवावं लागलं होतं. उत्पत्तीवरच्या ज्यू मिद्राशात, म्हणजे रब्बींच्या विवेचनात, इसहाक लाकडं घेऊन चालला या ओळीवर रब्बींनी लिहिलं आहे: जणू कोणी आपला वधस्तंभ खांद्यावर घेऊन चालला आहे. रोमी अमलाखाली राहणाऱ्या ज्यूंना वधस्तंभ ही काही परक्या धर्माची खूण नव्हती. तो त्यांच्या माणसांच्या वाट्याला आलेला मृत्यू होता.

त्यांच्याकडे हा पाठ वर्षारंभी, रोश हशानाच्या दुसऱ्या दिवशी वाचतात. तेव्हा फुंकतात तो शोफार बहुधा एडक्याच्या शिंगाचा असतो आणि याच एडक्याची आठवण देतो. सीरियातल्या दुरा युरोपोस गावात तिसऱ्या शतकातलं एक सभास्थान सापडलं. त्यात तोराची (नियमशास्त्राची) गुंडाळी ठेवायच्या कोनाड्यावर हेच चित्र आहे. त्याच गावात त्याच काळचं ख्रिस्ती प्रार्थनाघरही आहे.

पितळी साप?

रानात साप चावलेल्यांनी मोशेच्या खांबावरच्या सापाकडे पाहिलं आणि ते वाचले (गणना २१). योहान ३:१४ मध्ये येशू स्वतःच्या उंचावलं जाण्याला तो प्रसंग लावतो. पुढे लोक त्याच सापाला धूप जाळू लागले, तेव्हा हिज्कीया राजाने त्याचे तुकडे केले (२ राजे १८). रब्बींच्या नियमांचा जुना संग्रह, मिश्ना, विचारते: साप मारतो किंवा जगवतो का? आणि उत्तर देते की लोकांनी वर, स्वर्गातल्या पित्याकडे पाहिलं म्हणून ते बरे झाले.

वल्हांडणाच्या कोकराचं काय?

‘वल्हांडण’ हा मराठी बायबलमधला माझा आवडता शब्द. वल्हांडणे म्हणजे ओलांडून जाणं. मिसरातून सुटण्याच्या रात्री कोकराचं रक्त लावलेलं दार मृत्यूने ओलांडलं. इब्री ‘पेसाह’ शब्दाला याहून चपखल जोड मिळाली नसती.

पौल येशूला वल्हांडणाचा कोकरा म्हणतोच, पण योहान एक पाऊल पुढे जातो. इतर तीन शुभवर्तमानांत शेवटचं भोजन हेच वल्हांडणाचं भोजन आहे. योहानात मात्र येशू सणाच्या तयारीच्या दिवशी, मंदिरात कोकरं कापली जात तेव्हा मरतो. सैनिक त्याचे पाय मोडत नाहीत आणि ‘त्याचे हाड मोडणार नाही’ हे आठवतं. कोकराबद्दलचा तो नियम निर्गमाच्या १२व्या अध्यायात आहे. योहानाने प्रतिरूप नुसतं सांगितलं नाही, आपल्या सगळ्या कालक्रमात विणलं.

प्रत्येक ओळीत ख्रिस्त शोधायचा का?

हा मोह फार जुना. पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमहून करिंथला गेलेल्या एका पत्रात राहाबच्या खिडकीतला किरमिजी दोर हे प्रभूचं रक्त ठरलं. बर्नबाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पत्रात अब्राहामाच्या ३१८ चाकरांचा हिशेब आहे: ग्रीकमध्ये १८ ची अक्षरं येशूच्या नावाची पहिली दोन आणि ३०० चं अक्षर वधस्तंभाच्या आकाराचं. गंमत अशी की रब्बींनीही ३१८ चा हिशेब केला आणि इब्री अक्षरांत तो अब्राहामाचा कारभारी एलियेजर याच्या नावाशी जुळला.

याला लगाम घालणारेही होते. अंत्युखियाच्या परंपरेतल्या मोप्सुएस्तियाच्या थिओडोरने १५० स्तोत्रांपैकी चारच, म्हणजे २, ८, ४५ आणि ११०, थेट ख्रिस्ताविषयी मानली. मृत्यूनंतर सव्वाशे वर्षांनी, ५५३ साली, त्याला दोषी ठरवण्यात आलं. मला त्याचा संयम आवडतो.

मग जुना करार सोडूनच का दिला नाही?

दुसऱ्या शतकातला ख्रिस्ती शिक्षक मार्सियन तेच म्हणत होता. इब्री शास्त्राचा देव वेगळा, येशूचा पिता वेगळा. रोमच्या मंडळीने त्याला १४४ च्या सुमारास बाहेर काढलं. शास्त्र ठेवायचं ठरलं, पण सुंता आणि आहाराचे नियम पाळायचे नाहीत, हेही ठरलेलं होतं. मग ते पानोपानी ख्रिस्ताकडे बोट दाखवतं असं वाचण्यावरच सगळा भार आला.

या वाचनाने ज्यू लोकांचं नुकसान झालं का?

हो. ही गोष्ट गुळमुळीत सांगता येणार नाही.

दुसऱ्या शतकातल्या सार्दीसच्या मेलितोचं वल्हांडणावरचं प्रवचन फार देखणं आहे. हाबेलात मारला गेला तो, इसहाकात बांधला गेला तो, योसेफात विकला गेला तो. त्याच प्रवचनात पुढे मेलितो इस्राएलावर देवाच्या हत्येचा आरोप ठेवतो. छाया होती, आता वस्तू आली, म्हणून छाया आणि तिला धरून बसलेले लोक दोन्ही टाकाऊ, हा विचार तिथून वाढत गेला. स्ट्रासबुर्गच्या महामंदिराच्या दाराशी १२३० च्या सुमारास दोन स्त्रीपुतळे उभारले गेले. ‘मंडळी’ मुकुट घालून ताठ उभी, ‘सभास्थान’ डोळ्यांवर पट्टी, हातात मोडका भाला. १२६३ साली बार्सेलोनात राजासमोर रब्बी नाख्मानिदेस यांना, मसीहा येऊन गेला की नाही, या वादाला उभं राहावं लागलं. त्यांनीही सेवक म्हणजे इस्राएल, हेच सांगितलं. चार वर्षांनी ते स्पेन सोडून यरुशलेमेला पोहोचले.

कॅथलिक चर्चने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, येशूच्या मृत्यूचा दोष ज्यू लोकांवर सरसकट टाकता येत नाही असं जाहीर केलं. २००१ साली व्हॅटिकनच्या बायबल आयोगाने पुढे जाऊन म्हटलं की ज्यूंचं इब्री शास्त्राचं वाचन हेही शक्य असलेलं वाचन आहे. इतकं म्हणायला किती शतकं लागली, याची मला लाज वाटते.

मराठीत हे वाचन कधी आलं?

१६१६ साली, गोव्यात. थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्याला आले आणि त्यांनी सुमारे ११ हजार ओव्यांचं ‘क्रिस्तपुराण’ रचलं. ते रायतूरला छापलं गेलं. त्याचे दोन भाग आहेत, आणि ‘पहिलें पुराण’ पूर्णपणे जुन्या कराराचं. उत्पत्तीपासूनची सगळी कथा ते येणाऱ्या तारणाऱ्याची वाट पाहत सांगतं. ओवीच्या चालीत ऐकणाऱ्याला हे वाट पाहणं आधी कानात भिनतं, मग दुसऱ्या पुराणात जन्म होतो.

आपल्या बेने इस्राएल शेजाऱ्यांनी याकडे कसं पाहिलं?

कोकणात शतकानुशतकं तेल गाळणारा आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारा हा मराठी बोलणारा ज्यू समाज ‘शनवार तेली’ म्हणून ओळखला जाई. एकोणिसाव्या शतकात मुंबईला आलेले स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी त्यांच्यासाठी १८३२ मध्ये मराठीतून इब्री व्याकरण लिहिलं. मिशनच्या शाळांत हा समाज शिकला, मराठीत जुना करार वाचू लागला. मिशनऱ्यांना आशा होती की शास्त्र नीट वाचलं की त्यांना त्यात ख्रिस्त दिसेल. ख्रिस्ती फार थोडे झाले. बाकीच्यांनी तेच इब्री आणि तेच मराठी घेऊन आपला धर्म अधिक घट्ट धरला. १८७४ साली पुण्यात त्यांची मराठी अर्थासह हग्गादा, म्हणजे वल्हांडणाच्या रात्री वाचायची पोथी, छापली गेली.

एलीया संदेष्ट्याचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. ख्रिस्ती जुना करार मलाखीवर संपतो: एलीया येईल. पान उलटलं की केसांचं वस्त्र आणि कातडी कमरबंद घातलेला बाप्तिस्मा करणारा योहान उभा. ज्यू शास्त्राची, तनखची, मांडणी वेगळी. ते इतिहासाच्या पुस्तकांवर, कोरेश राजाने दिलेल्या घरी परतण्याच्या परवानगीवर संपतं. एलीयाचं वचन तिथे मध्येच कुठेतरी आहे. पण अलिबागजवळच्या खंडाळ्यात एलीयाच्या घोड्याची टाप उमटली असं बेने इस्राएल मानतात, आणि शुभकार्यात मलिद्याचं ताट मांडून ‘एलियाहू हन्नाबी’ (एलीया संदेष्टा) म्हणतात. त्यांचा एलीया कोणाची छाया नाही. तो स्वतःच घरी येतो.

शब्बाथशाळेत योना कसा सांगावा?

आपण माशापाशी थांबतो. योना तीन दिवस माशाच्या पोटात, येशू तीन दिवस पृथ्वीच्या पोटात (मत्तय १२:४०). रोमच्या भुयारी दफनभूमीत ख्रिस्ती लोकांनी हे चित्र पुन्हापुन्हा काढलं. मुलांनाही मासा आवडतो. ते जरूर सांगा.

पण मासा दुसऱ्या अध्यायात संपतो आणि पुस्तक चार अध्यायांचं आहे. योम किप्पुरच्या, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या, दुपारी ज्यू सभास्थानांत ते अखेरपर्यंत वाचतात. आपल्या कोकणात बेने इस्राएल या दिवसाला ‘दारफळणीचा सण’ म्हणत. शत्रूचं शहर पस्तावतं, देव त्याला सोडतो, आणि योना त्यावर रागावून उन्हात जाऊन बसतो. मी अलीकडे वर्गात हा शेवटचा अध्याय मुलांकडूनच मोठ्याने वाचून घेते. त्यात पुढे काय झालं ते सांगितलेलंच नाही. देव योनाला विचारतो: ज्यांना उजवंडावं कळत नाही अशी एक लाख वीस हजारांहून अधिक माणसं या निनवेत आहेत, शिवाय पुष्कळ गुरंढोरं, मग मी त्यांची कीव करू नये काय?